डाव्या पायाखालची फरशी

१

फरशी पुसण्याचे काम मी आजवर कोणाच्या हाती दिलेले नाही. नोकरीत होते तेव्हाही नाही. आधी केर, मग बादली, मग फडके. कोपऱ्यापासून आरंभ आणि दाराशी शेवट. पुसलेल्या जागेवर आपलेच पाऊल उमटता कामा नये. कामाला शिस्त असली म्हणजे मनाला निराळी लावावी लागत नाही, असे मी वर्गात सांगत असे. मुली माना डोलावीत आणि माझी पाठ वळताच हसत. हसोत. त्यांच्यापैकी पुष्कळजणी आज आपापल्या घरी दाराकडे सरकत सरकतच फरशी पुसत असतील, ह्याबद्दल मला शंका नाही.

खिडकीजवळ ह्यांची खुर्ची आहे. तिथवर आले की मी म्हणे, "अहो, पाय उचला."

हे वर्तमानपत्र खाली न घेता पाय उचलीत. उजवा. डावा होता तिथेच राही. मी त्याच्याभोवती फडके फिरवी आणि पुढे सरके.

हे असे किती वर्षे चालले होते ते सांगता येणार नाही, कारण ते माझ्या लक्षातच आले नव्हते. संसारात कोणी घोरतो, कोणी झोपेत दात खातो. तसा कोणी एकच पाय उचलतो. त्यात विचारायचे काय?

हे सैन्यात होते. जमिनीत पुरलेले सुरुंग शोधून निकामी करणाऱ्या तुकडीत होते. लढाई संपल्यावर परत आले ते दोन्ही हात, दोन्ही पाय आणि दोन्ही डोळे घेऊन. "नशीबवान हो तुम्ही!" असे लोक मला म्हणत, आणि मीही "हो" म्हणे. त्यानंतर जे शिकायचे ते मी शिकले. स्वतःच्या घरात शिरताना दाराबाहेरून "मी आले" अशी वर्दी द्यावी. झाकण भांड्यावर ठेवताना बोट मध्ये धरावे, म्हणजे आवाज होत नाही. झोपलेल्या माणसाला हात लावू नये. पायथ्याशी, हाताच्या टप्प्याबाहेर उभे राहून हाक मारावी. लेकीच्या वाढदिवसाला फुगे आणू नयेत. ह्यांतले काहीही ह्यांनी मला सांगितलेले नाही. चांगल्या विद्यार्थिनीला सगळे सांगावे लागत नाही.

ह्यांना माझी एकच गोष्ट चारचौघांत सांगायला आवडे. आमच्या शाळेत नियम होता, की पुढच्या तासाची शिक्षिका दारात उभी राहिल्याशिवाय आधीच्या शिक्षिकेने वर्ग सोडायचा नाही. एकदा पुढच्या तासाची शिक्षिका आजारी पडून घरी गेली आणि मला कळवायचे राहून गेले. मी सबंध दुपार त्या वर्गावर उभी होते. शिक्षकांच्या खोलीत ह्याचा विनोद झाला. हे मात्र ही गोष्ट सांगताना कधी हसले नाहीत. "आमच्या तुकडीत शोभली असती," एवढेच म्हणत.

२

निवृत्त होईपर्यंत मी माझे घर सकाळी आणि संध्याकाळी पाहिले होते. दुपारचे घर मला ठाऊक नव्हते. ते ठाऊक झाले तेव्हा कुंडी लक्षात आली.

कुंडी तशी जुनीच. सिमेंटची, मोठी, खुर्चीला लागून असलेली. तिच्यात झाड नव्हते. काठोकाठ खडी भरलेली होती. उठायचे झाले की हे वाकत, दोन्ही हातांनी कुंडी ओढून डाव्या पायाच्या बोटांना भिडवीत, मग टाच न उचलता पाऊल मागे घेत, आणि जेवढी फरशी मोकळी होई तेवढी कुंडी पुढे येई. पाऊल आणि कुंडी ह्यांच्यामध्ये कागद शिरला नसता. तेवढा वेळ ह्यांचा श्वास थांबलेला असे. कुंडी पुरती बसली की एक दीर्घ उच्छ्वास, आणि मग अगदी सहज, "चहा ठेवतेस?"

एकदा मी म्हटले, "अहो, ह्यात एखादा गुलाब तरी लावू या. नुसती खडी बरी दिसत नाही."

"नको."

"का नको? फुलांशी वैर आहे का तुमचं?"

"वजन बदलेल," हे म्हणाले, आणि वर्तमानपत्राचे पान उलटले.

त्याच सुमारास ह्यांचा जोडीदार वारला. त्या तुकडीत कामे दोघादोघांना वाटून दिलेली असत आणि हे दोघे अखेरपर्यंत एकत्र राहिले होते. आमच्या लग्नात तो मनसोक्त जेवला होता. "वहिनी, ह्याला घरात हळू चालायला सांगू नका बरं, तो हळूच चालतो," असे म्हणून त्याने साऱ्या पंगतीला हसवले होते. म्हातारा होऊन, स्वतःच्या घरी, झोपेत गेला. ह्याहून चांगले मरण मागू नये.

आम्ही भेटायला गेलो. त्याची बायको म्हणजे पाहुण्याच्या हातातली पिशवी घ्यायला फाटकापर्यंत धावणारी बाई. त्या दिवशी मात्र ती खिडकीजवळच्या खुर्चीवर, टेबलावर कोपरे टेकून, बसून राहिली. बोलली, रडली, आम्ही निघालो तेव्हा हात जोडले. पण उठली नाही. बसमध्ये मी म्हटले, "दुःख सर्वांना असतं. म्हणून काय निदान उंबऱ्यापर्यंतही येऊ नये माणसानं?"

"तिला नाही येता यायचं."

"का? गुडघे धरलेत का तिचे?"

बस धावत होती, आणि हे दोन्ही पाय सीटवर घेऊन, लहान मुलासारखे गुडघे कवळून बसले होते.

३

त्या कुंडीखालची फरशी कधी पुसली गेलेली नाही, हा विचार एकदा डोक्यात आला आणि जाईना. हे नेमाने महिन्यातून एकदा न्हाव्याकडे जात. ते गेल्यावर मी बादली भरली.

मी भित्री नाही. ज्या गोष्टीला कारण आहे ती कारणाने समजते, ज्या गोष्टीला कारण नाही ती नसते, असेच मी आयुष्यभर शिकवले. कुंडीखाली असेल ती मळाची चकती आणि फार तर एखादे झुरळ. मी कुंडीला दोन्ही तळवे लावले आणि रेटले.

कुंडी दोन बोटे सरकली असेल.

प्रथम मला वाटले, कानांत दडा बसला. खालच्या दुकानातल्या शिलाई यंत्राचा आवाज थांबला होता. भिंतीवरच्या घड्याळाचा थांबला होता. रस्त्यावर कोणी हाका मारीत चालले होते. ती हाक मध्येच तुटली. मी बादलीकडे पाहिले. बादली नुकतीच भरून ठेवली होती, तिच्यातले पाणी हेलकावत होते. ते स्थिर झाले. आणि सावकाश नव्हे, एकदम. हेलकावताना एका कडेला चढले होते, तसेच चढलेले राहिले.

फरशीची मोकळी झालेली कड वर येत होती. फुटत नव्हती, उखडत नव्हती. झोपलेल्या माणसाची छाती श्वासाने वर यावी तशी, घाई न करता, येत होती.

मी कुंडी परत रेटली. सारे अंग तिच्यावर टाकले. खालून यंत्र सुरू झाले, घड्याळ चालू लागले, रस्त्यावरची हाक पुरी झाली. बादलीतले पाणी दुसऱ्या कडेला जाऊन आदळले.

रक्तदाब, असे मी मनाशी म्हटले. उपाशीपोटी वाकल्यावर घेरी येतेच. घेरी आली की ऐकू येईनासे होते, दिसते ते हलते. ह्यात न समजण्यासारखे काही नाही. मी हे वाक्य दोनदा मोठ्याने म्हटले. फरशी मात्र त्या दिवशी न पुसताच राहिली.

४

आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. आमच्या बैठकीच्या खोलीची जमीन म्हणजे खालच्या शिंपिणीचे छत. जे जमिनीत आहे ते छतात दिसलेच पाहिजे. एक जुने पोलके उसवायला म्हणून घेतले आणि मी खाली गेले.

छत पांढरे, सपाट आणि कोरडे होते. एक चीर नाही, ओल नाही. मला इतका आनंद झाला की शिंपीण हसू लागली.

"बाई, छत बघायला आलात का पोलकं उसवायला?"

"दोन्ही. रंग चांगला टिकलाय."

"टिकणारच. कोण चढतंय तिथं!"

मग माझे लक्ष खाली गेले. दुकान लहान. कपड्यांचे गठ्ठे, इस्त्रीचे टेबल, यंत्र, गिऱ्हाइकाचे स्टूल, सगळे एकमेकांच्या अंगावर रेटलेले. आणि खिडकीजवळ, जिथे सर्वांत चांगला उजेड पडतो तिथे, एक रिकामी जागा. बरोबर आमच्या खुर्चीच्या खाली.

"यंत्र उजेडात का नाही ठेवत? डोळे फुटतील अशानं."

"ठेवलं होतं की." तिने दोरा दाताने तोडला. "तिथं बसलं ना बाई, की श्वासच घ्यायचा राहून जातो. म्हणजे कोंडत नाही हो, नुसता विसरतो. गिऱ्हाइकंसुद्धा तिथं उभी राहत नाहीत. मी म्हटलं, मरू दे, उजेडापेक्षा श्वास बरा."

मी पोलके तिच्या पुढ्यात ठेवले.

"बरं, मघाशी वर काही पडलं का? मी भरात शिवत होते, आणि पायडलवरचा पाय आपोआप थांबला. असं वाटलं, कुणीतरी 'हलू नको' म्हणालं."

"काही नाही पडलं," मी म्हटले. ते खरेच होते.

५

ह्यांच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला. आधी मी मळ समजले, मग ठेच समजले. तो थंडगार लागला तेव्हा डॉक्टरांना बोलावले.

डॉक्टर माझा जुना विद्यार्थी. अजूनही माझ्यासमोर खिशातले हात बाहेर काढतो. त्याने पाय तपासला, पोटरी दाबली आणि मला स्वयंपाकघरात घेऊन आला.

"बाई, पायाला रक्त पोचत नाहीये. किती वेळ बसतात हे असे?"

"हल्ली बराच."

"बराच म्हणजे? झोपतात कुठे?"

"खुर्चीतच."

"बाई!" त्याचा आवाज चढला, आणि लगेच ओशाळून उतरला. "त्यांना रुग्णालयात हलवायला हवं. आडवं झोपवून, पाय सरळ ठेवून. शीर मोकळी करावी लागेल. थांबलो तर आधी पाय जाईल. मग पायावर भागणार नाही."

मी बाहेर येऊन ह्यांना सांगितले. ह्यांनी सारे शांतपणे ऐकले. मग कुंडीकडे बोट दाखवले.

"हिला ते आता घटकाभरच फसतं. आंघोळीपुरतं, फार तर. पूर्वी दिवसभर फसायचं."

"काय फसतं?"

ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"अहो, काय फसतं?"

"तुला माहीत आहे," हे म्हणाले. "तू कुंडी हलवली होतीस. परत ठेवताना दिशा चुकली तुझी. खडीतला मोठा दगड माझ्या बाजूला असतो."

६

लेक दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. आल्या आल्या तिने वडिलांचा पाय पाहिला आणि माझ्यावर तुटून पडली.

"आई, तू त्यांचं हे सगळं चालवून घेतलंस म्हणून ही पाळी आली. आयुष्यभर आपण ह्या घरात चोरासारखं वावरलो! मी ह्या खोलीत कधी उड्या मारल्या का, सांग. मला तर कुणी मनाईसुद्धा केली नव्हती!"

"मग का नाही मारल्यास?" मी विचारले.

ती थबकली. खिडकीकडे, खुर्चीकडे आणि त्या पायाकडे पाहून तिने नजर दुसरीकडे वळवली. "ते काही नाही. गाडी बोलावली आहे मी. दोन माणसं येतील, उचलून नेतील. बाबा, ऐकताय ना? तुम्हाला उचलून नेणार आहेत."

"नेऊ दे," हे म्हणाले. "पण आधी खालच्या बाईला दुकानातून बाहेर काढ. समोरच्या घरातली मुलं रस्त्यापलीकडे ने. तुझ्या आईला बरोबर घे, आणि कोपऱ्याच्या पुढे जाऊन उभी राहा. मग माणसांना सांग. ती माणसं कुणाची तरी मुलं आहेत, हेही सांग त्यांना."

हे असे म्हणाले, जसे कोणी जाताना नळ बंद करायला सांगावे. लेकीच्या डोळ्यांत पाणी आले. ती गॅलरीत जाऊन उभी राहिली.

मी ह्यांच्यासमोर जमिनीवर बसले. इतक्या वर्षांत मी जे कधी विचारले नव्हते ते विचारले.

"कुठे पडला होता पाय?"

"उतारावर. पहाटे. खाली 'खट्' झालं, आणि मी थांबलो. उचलला असता तर दोघंही गेलो असतो. जोडीदार पोटावर झोपला आणि बाजूनं माती काढायला लागला. दिवसभर काढत होता. मग म्हणाला, झालं, उचल पाय. मी उचलला."

"मग?"

"काही झालं नाही."

"म्हणजे सुटलात ना!"

"काही झालं नाही," ह्यांनी पुन्हा सांगितले, आणि माझ्याकडे पाहिले, मंद मुलीकडे मी कधी पाहिले नसेल इतक्या मायेने. "ते व्हायचं राहिलंय. घरी आलो, ह्या खुर्चीत बसलो, पाय टेकवला. आणि खाली 'खट्' झालं."

खाली रस्त्यावर गाडीचा दरवाजा वाजला. ह्यांच्या पोटरीची शीर ताठ झाली. काळा अंगठा फरशीवर दाबला गेला. ह्यांच्याजवळ आता फार वेळ नव्हता, आणि हा मनुष्य स्वतःहून जागा सोडणार नव्हता. मीही सोडली नसती.

"उठा," मी म्हटले. "तुमचा तास संपला. मी दारात उभी आहे."

७

खरे सांगायचे तर त्या क्षणी मी अर्धी डॉक्टरांच्या बाजूला होते. म्हाताऱ्याची समजूत घालावी, त्याला गाडीत बसवावे, आणि मग पाय उचलून चहा ठेवावा, असा माझा बेत होता. बेताच्या तळाशी बादलीतले ते तिरके पाणी होते. पण त्याच्याकडे मी पाहत नव्हते.

ह्यांनी मला चप्पल काढायला लावली. माझे डावे पाऊल आपल्या पावलाला, बोटांशी बोटे अशा रीतीने, भिडवून घेतले. "वजन आधी टाचेवर देऊ नकोस. बोटं, मग चवडा, मग टाच. मी मागे घेईन तितकीच पुढे ये. आणि बघू नकोस."

"का बघू नको?"

"मी पहिल्यांदा बघितलं होतं. मग बघतच बसावंसं वाटतं."

ह्यांचे पाऊल मागे सरकू लागले. माझे पुढे. ते थंडगार होते, माझे घामेजलेले. शिलाई यंत्र थांबले. घड्याळ थांबले. गॅलरीत लेकीचा पदर वाऱ्याने उडाला होता तो खाली आला नाही. जिन्यात वर चढणाऱ्या दोन माणसांची पावले एका पायरीवर अडली आणि तिथेच राहिली.

आमच्या दोन पावलांच्या मध्ये नखाएवढी फट पडली. फरशीची कड उचलली गेली. आणि मी पाहिले.

फटीत अंधार असायला हवा होता. तिथे ऊन होते.

कोरड्या डोंगरउतारावरचे, कोवळे, तिरपे ऊन. एकेक खडा आपल्या सावलीसकट स्पष्ट. त्या उन्हात एक तरुण कोपरांवर ओणवा पडला होता. हातातले पाते मातीत तिरके घातलेले. कपाळावरचा घाम ओघळून पापणीपर्यंत आलेला, आणि तो पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. मी त्याला ओळखले. आमच्या लग्नात ह्याच चेहऱ्याने साऱ्या पंगतीला हसवले होते. पण तेव्हाही तो ह्याहून थोरला होता.

त्याने वर पाहिले. ज्याचा पाय आपल्या डोक्याशी आहे त्याच्यावर माणूस जितका विश्वास टाकू शकतो तितका सगळा त्या नजरेत होता. त्याच्या मागे उताराच्या टोकाशी आणखी काहीतरी होते. ते उतारापेक्षा मोठे होते आणि ते वाट पाहत होते. त्याविषयी ह्याहून अधिक मला लिहिता येत नाही.

माझी टाच टेकली.

खाली 'खट्' झाले.

मग दाब आला. खालून, सबंध तळव्याला. तो दाब दुष्ट नव्हता. त्याला घाई नव्हती. समुद्र होडीला खालून जसा लागत असेल तसा तो मला लागला. मी आयुष्यात मोठे म्हणून जे जे पाहिले होते, मुलींना ज्याचे ज्याचे वर्णन लिहायला लावले होते, ते सारे त्याच्यापुढे वहीतले होते. आणि हा मनुष्य, जो मला भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा कधी सांगत नसे, तो हे एका पायाखाली धरून, वर वर्तमानपत्र वाचत बसला होता.

यंत्र सुरू झाले. लेकीचा पदर खाली आला.

हे खुर्चीच्या हातावर रेलून एका पायावर उभे होते. दुसरा, डावा, हवेत. ह्यांनी त्याच्याकडे पाहिले. तो जरासा हलवून पाहिला. मग ह्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता हे कळायला मला वेळ लागला, कारण ते हसू मी पूर्वी ऐकलेलेच नव्हते.

दोन माणसे दारात आली. "काका, चला, हळूच."

"चला," हे म्हणाले. दारातून वळून पाहिले. "जड वाटतंय?"

"वर्ग मोठा आहे," मी म्हटले. "तुम्ही या जाऊन."

८

पाय वाचला. लेकीने रुग्णालयातून फोन केला. "आई, बाबा झोपलेत! दोन्ही पाय उशीवर ठेवून, घोरतायत चक्क. नर्स हसतेय. तू का नाही येत गं बघायला? खालच्या काकू म्हणाल्या, तू खुर्चीतून उठतच नाहीस."

"येईन सवडीनं," मी म्हटले.

फोन ठेवला आणि जोडीदाराच्या बायकोला लावला. पलीकडे लगेच उचलला गेला. फोन हाताशी असला म्हणजे उचलला जातो तसा.

"ताई," ती म्हणाली, मी कोण ते न विचारता, "बसलात?"

"बसले."

"डावा?"

"डावा. तुमचा?"

"माझी दोन्ही कोपरं. टेबलावर. हे दिवसभर कोपरांवरच पडून होते ना." ती थोडे थांबली. "तुम्ही त्या दिवशी रागावून गेलात. मला कळलं होतं. पण उठता कसं येणार होतं? त्यांना नेलं होतं ना तोवर. कुणीतरी बसायला हवं होतं."

मी जे बोलायला हवे होते ते बोलले. इथे ते पुन्हा लिहीत नाही.

"दुखतं का?" मी विचारले.

"पहिले काही दिवस. मग दुखत नाही, नुसतं असतं." तिच्या घरात कुठेतरी नळ ठिबकत होता. "ताई, तुम्ही बघितलंत?"

"हो."

"कोण दिसलं?"

"तुमचे हे. माती काढताना."

ती मग अगदी हळू आवाजात, देवळात बोलावे तशी, म्हणाली, "मला तुमचे दिसतात. खालून. एका पायावर सगळं अंग तोललेलं, आणि वर नुसतं आभाळ. किती लहान आहेत हो दोघं. तुमच्या वर्गात शोभतील."

९

हे घरी आले. काठी टेकीत, पण दोन्ही पायांवर. आल्या आल्या खुर्चीपाशी उभे राहिले.

"सरक. माझी जागा."

"डॉक्टरांनी पाय खाली सोडून बसायला मनाई केली आहे."

"डॉक्टर काल चड्डीत होता. सरक म्हणतो ना!"

"शाळेत वेळापत्रक कोण लावत असे?" मी विचारले.

"तू."

"मग ते मीच लावीन. तुमचा तास येईल तेव्हा सांगेन."

हे उभेच राहिले. ह्यांच्या ओठांची थरथर मी पाहिली, आणि माझ्या शिस्तीनुसार पाहिली नाही असे दाखवले. मग हे आत गेले. पाण्याचा नळ वाजला. बराच वेळ ह्यांचे काहीतरी चालले होते. नंतर आमच्या घरात आजवर न ऐकलेला एक आवाज आला, भांड्यावर धाडकन पडलेल्या झाकणाचा. मी दचकले. सबंध अंगाने, मानेपासून पोटरीपर्यंत. तळव्याखाली दाब क्षणभर वाढला, आणि मी तो दाबून धरला. स्वयंपाकघरात हे स्तब्ध झाले. मी दचकले हे ह्यांनी ऐकले होते.

पुढचे झाकण ह्यांनी बोट मध्ये धरून ठेवले.

थोड्या वेळाने हे बादली घेऊन बाहेर आले. काठी भिंतीला टेकवली, बाह्या सरसावल्या, आणि कोपऱ्यापासून फरशी पुसायला लागले. दाराच्या दिशेने, पाठमोरे सरकत, पुसलेल्या जागेवर पाऊल न टाकता. मी कधी शिकवले नव्हते. चांगल्या विद्यार्थ्याला सगळे सांगावे लागत नाही.

खुर्चीपाशी आले तेव्हा थांबले. फडके पिळले. माझ्याकडे न पाहता म्हणाले,

"अगं, उजवा पाय उचल."